चार हातांचं काम: घर, गल्ली आणि रान जोडून ठेवायची खान्देशी रीत

उन्हाळा लागला की पहाटे पाचला खान्देशातल्या एखाद्या गच्चीवर जाऊन बघा. ओल्या धोतरावर दोघी-तिघी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत असतात, एकजण त्यांच्या शिजवलेल्या पिठाचं, घाट्याचं पातेलं सांभाळत असते आणि शाळेला सुट्टी लागलेलं एखादं पोर वाटीभर गरम घाट्यावर कच्चं तेल ओतून फुंकर मारत खात असतं. घाटा निवला की थापला जात नाही, आणि ऊन चढलं की गच्चीवर उभं राहवत नाही. एकटीने हे काम होतच नाही. म्हणून आज शेजारीण आपल्याकडे येते, परवा आपण तिच्याकडे जातो.

आमच्या भागात माणसं एकमेकांना धरून राहिली ती अशा कामांमुळे, असं मला वाटतं. मागे एका लग्नात माझ्या मुलीला तिच्या सख्ख्या चुलतभावाची ओळख करून द्यावी लागली. दोघंही जळगावातच राहतात. त्या दिवशी मला फार लागलं. भांडण नव्हतं, राग नव्हता, फक्त एकत्र करायचं कामच उरलं नव्हतं. मग घरात ठरवलं की वर्षात दोन-तीन कामं अशी धरायची, ज्यांना चार हात लागतातच. ते कसं जमवलं, ते इथे सांगते.

पहिलं काम: हंगाम बघून एकच गोष्ट धरा

एकदम सगळं करायला जाऊ नका. हिवाळा असेल तर शेतातलं भरीत, उन्हाळ्यात बिबडे किंवा आखाजी (अक्षय्य तृतीया), पावसाळ्यात रानभाज्या किंवा कानबाई देवीचा सण. जो हंगाम समोर आहे, त्यातली एक गोष्ट घ्या. तारीख मात्र दहा-बारा दिवस आधी पक्की करा. "भेटू या एकदा" असं म्हटलं की भेट होत नाही, हा अनुभव तुमचाही असेल.

भरीत पार्टी, नीट सांगते

सुरुवात करायची तर मी भरितापासूनच करायला सांगेन. चंपाषष्ठीला खंडेरायाला भरीत-भाकरीचा नैवेद्य झाला की आमच्याकडे भरताचा हंगाम खऱ्या अर्थाने सुरू होतो. थंडीभर मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी बाजारात असतात. जळगावच्या या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

निमंत्रण देताना "जेवायला या" असं म्हणू नका. प्रत्येक घराला एक जिन्नस आणि एक काम द्या. धाकट्या जावेला म्हणा, "तू कळण्याचं पीठ आण," म्हणजे ज्वारी-उडदाचं. दिराला पऱ्हाट्यांचं सांगा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचं. शेजारच्या काकांकडे लसूण-मिरची, पोरांकडे कांद्याची पात निवडणं. ज्याच्यावर काही सोपवलेलं नसतं तो ऐनवेळी "जमत नाही" म्हणतो. ज्याच्याकडे पीठ आहे तो येतोच.

दहा-बारा माणसांना तीन-चार किलो वांगी पुरतात. प्रत्येक वांग्याला सुरीने दोन-तीन टोचे मारून घ्या, नाहीतर विस्तवावर फुटतं. वावरातली मोकळी, वाळलं गवत नसलेली जागा बघा, बाजूला पाण्याची बादली ठेवा, मग पऱ्हाट्या पेटवा. जाळात वांगी टाकून सगळीकडून फिरवत भाजायची. साल काळी होऊन देठाजवळचा भागही दाबल्यावर मऊ लागला की झालं. हे ठरवायचा मान घरातल्या सगळ्यात वडील बाईला द्या. माझ्या सासूबाई नुसत्या वासावरून सांगतात, "काढा आता." एरवी कोपऱ्यात बसून असणारं माणूस त्या तासाभरात सगळ्यांच्या मध्ये येतं, आणि नातवंडं तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहतात.

साल काढून गर लाकडी भांड्यात ठेचायचा. मिक्सर नको, त्याने लगदा होतो. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण त्यातच ठेचा. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात परतून वर घाला, शेवटी कोथिंबीर. कळण्याच्या भाकरीसाठी चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि थोडं मीठ असं दळून आणावं. दादर ज्वारी मिळाली तर भाकरी जास्त गोड लागते. केळीच्या पानावर वाढा. पानं धुवायला पोरांना विहिरीवर किंवा नळावर पाठवा, ती अर्धा तास तिकडेच रमतात आणि त्यात त्यांची आपसात ओळख होते. मला हवं असतं ते एवढंच.

जेवण झाल्यावर लगेच उठू देऊ नका. पुढची तारीख तिथेच ठरवा.

घरातली बोली चालू ठेवा

आजी अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलते आणि नातू शाळेतल्या मराठीत उत्तर देतो, हे हल्ली घरोघर आहे. यावर शिकवणी लावायची गरज नाही. आठवड्यातला एक फोन बोलीतच करायचा, एवढा नेम धरा. "काय चालनं भो?" एवढ्यानेही सुरुवात होते. आजीला "आंडोर" आणि "आंडेर" म्हणजे मुलगा आणि मुलगी हे पोराला सांगायला लावा, गिलक्याला आणि गंगाफळाला बाहेरचे लोक काय म्हणतात ते पोराने आजीला सांगावं. चुकलं तर हसू नका, एकदा हसलं की पोर परत तोंड उघडत नाही.

आखाजी आणि कानबाई चुकवू नका

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सासुरवाशिणीने माहेरी यायचं आणि निंबाच्या झाडाला झोका बांधून गाणी म्हणायची, ही आपली जुनी रीत. बहिणीला "वेळ मिळाला तर ये" म्हणू नका. भावाने स्वतः घ्यायला जावं. लांब असेल तर गाडीचं तिकीट काढून पाठवावं. झोक्याचा दोर आधी मोठ्या माणसाने लोंबकळून बघावा, फांदी ओली आणि जाड हवी. त्याच दिवशी घरात पितरांसाठी घागर भरतात. ती भरताना पोरांना जवळ बसवा आणि पणजोबा, पणजी यांची नावं मोठ्याने घ्या. खूप घरांत आजोबांच्या वरचं नाव कुणाला माहीत नसतं.

कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन होतं. घरात कानबाई असेल तर फक्त दर्शनाला जाऊन परत येऊ नका. आदल्या दिवशी रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू निवडायला बसा. भाऊबंदकीतले जुने रुसवे तिथेच निघतात, कारण हात कामात असले की बोलणं सोपं जातं.

गल्लीसाठी: पाण्यापासून सुरुवात

आपल्याकडे शेजारधर्माचं सगळ्यात पक्कं उदाहरण पाण्याचंच आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि गावाच्या जमिनीचे फड, म्हणजे भाग, पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी ज्याने त्याने आपलं आपण घ्यायचं नाही, गावाने नेमलेला पाटकरी सगळ्यांची शेतं भिजवणार. पिकाची राखण जागल्याकडे. पाटातला गाळ काढायला सगळं गाव. श्रीमंताचं शेत आधी आणि गरिबाचं नंतर, असं पाटकऱ्याला करता येत नसे.

गल्लीत हेच लहान प्रमाणात करता येतं. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा कोपऱ्यावर दोन रांजण ठेवा. कोणत्या वाराला कोणतं घर भरणार, हे कागदावर लिहून रांजणाजवळच चिकटवा. सात घरं, सात वार. ओला कपडा गुंडाळायचा, रोज धुवायचा, झाकण आणि दांड्याचा ओगराळा ठेवायचा. आमच्या गल्लीत पाच वर्षं एकमेकांशी न बोललेली दोन घरं सोमवार-मंगळवारची आली. रांजण धुतला नाही यावरून पहिलं बोलणं झालं, तेही तक्रारीचं. पण बोलणं झालं.

रानाशी ओळख

साक्री तालुक्यातलं बारीपाडा एकदा पोरांना घेऊन बघून यावं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून उजाड डोंगरावर जंगल परत आणलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे पावसाळ्यात रानभाज्यांची पाककला स्पर्धा होते आणि गावातल्या बाया कितीतरी भाज्या रांधून मांडतात.

घरी मात्र तीनच भाज्यांनी सुरुवात करा: कर्टुले, तरोटा, घोळ. बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या आदिवासी ताईंकडून घ्या, कशी निवडायची आणि कशी करायची ते त्यांनाच विचारा. घाई नसेल तेव्हा त्या फार प्रेमाने सांगतात. जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय रानातलं काही तोडून खाऊ नका.

एक झाड, चार घरांचं

जूनमध्ये दोन पाऊस पडले की निंब किंवा अंजन लावा. अंजन हळू वाढतं, पण आपल्या कोरड्या, तापत्या मातीचं ते झाड आहे. एकट्या घराचं झाड गावाला गेलं की वाळतं, म्हणून चार घरं मिळून एकच लावा.

खरी परीक्षा पुढच्या फाल्गुनात. मातीच्या जुन्या माठाला बुडाशी बारीक भोक पाडा, त्यात सुती चिंधी घट्ट बसवा आणि रोपापासून हातभर अंतरावर माठ गळ्यापर्यंत पुरा. पाणी थेंबथेंब मुळाशी जातं, उन्हात उडून जात नाही. तोंडावर झाकण ठेवा म्हणजे डास होणार नाहीत. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरायचा, पाळी पोरांना द्या. वाळलेला पालापाचोळा आळ्यात टाका. पाऊस सुरू झाला की माठ उकरून काढा, चिंधी बदला, घासून उन्हात वाळवून ठेवा. पुढच्या वर्षी तो पुन्हा लागेल, निदान तीन उन्हाळे तरी.