पोलाद कंपनीचा तिमाही निकाल कसा वाचावा: आधी टन, मग कोळसा, नफा शेवटी

पोलाद कंपनीचा निकाल लागला की पहिली बातमी येते निव्वळ नफ्याची, आणि तिच्यामागोमाग सल्ले येतात. नफा दुप्पट झाला, आता कंपनी थांबत नाही. पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) पाचवर आला, शेअर कवडीमोलाने मिळतोय. पोलादाच्या बाबतीत हे दोन्ही सल्ले धोक्याचे आहेत, आणि दुसरा जास्त. भाव शिखरावर असतात तेव्हा नफा फुगलेला असतो, म्हणून पी/ई लहान दिसतो. भाव तळाला जातात तेव्हा नफा जवळजवळ नाहीसा होतो आणि तोच आकडा अवाढव्य दिसतो. म्हणजे शेअर सर्वांत स्वस्त दिसतो तो नेमका पडण्याच्या तोंडावर. ज्या धंद्यात विकायच्या मालाचा भावही आपल्या हातात नाही आणि कच्च्या मालाचाही नाही, तिथे निकालाचा तक्ता खालून वर नव्हे, वरून खाली वाचायचा. निव्वळ नफ्याची ओळ सगळ्यात शेवटी.

निकालाचा तक्ता, गुंतवणूकदारांसाठीचे सादरीकरण आणि विश्लेषकांबरोबरच्या कॉलची लेखी प्रत समोर ठेवा. मागच्या पाच तिमाहींचे आकडे एका कागदावर उतरवा. चार पुरत नाहीत, कारण मग गेल्या वर्षीची हीच तिमाही तुलनेला मिळत नाही.

आधी टन

उत्पादन किती टन झाले आणि विक्री किती टन झाली, हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. बांधकामाचा हंगाम थंडावला की विक्री घटते, ते दरवर्षीचे असते. म्हणून विक्रीच्या टनांची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. उत्पादन अचानक खाली आले असेल तर भट्टी बंद होती का ते पाहा. झोतभट्टीचे, म्हणजे कोकच्या साह्याने खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्टीचे, आतले अस्तर बदलायचे तर ती काही महिने थंड ठेवावी लागते. त्या तिमाहीचा निकाल वाईट दिसतो, पण त्यात बाजाराचा दोष नसतो.

एका टनामागे काय उरले

व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीचा नफा, म्हणजे एबिटडा, विक्रीच्या टनांनी भागा. उत्पादनाच्या टनांनी नाही. भागण्याआधी इतर उत्पन्न, परकीय चलनातला फायदा-तोटा, जुन्या वादातून मिळालेली रक्कम, असे एकदाचे आकडे बाहेर काढा. कंपनीचे कारखाने दोन-तीन खंडांत असतील तर एकत्रित आकडा भागून उपयोग नाही. एका देशातला तोटा दुसऱ्या देशातल्या नफ्याखाली झाकला जातो. प्रत्येक भागाचा हिशेब स्वतंत्र करा.

कोळशाची तारीख शोधा

इथे बहुतेक वाचक अडकतात. मीही बराच काळ अडकलो होतो, कारण सगळीकडे एकच सोपे सूत्र वाचायला मिळायचे: पोलादाचा भाव वजा कच्च्या मालाचा भाव, बरोबर स्प्रेड, स्प्रेड वाढला की निकाल चांगला. सूत्र बरोबर आहे. चूक असते ती त्यात घातलेल्या तारखांची. पोलादाचा भाव आजचा धरला जातो आणि कोळशाचाही आजचाच. प्रत्यक्षात आज भट्टीत पडणारा कोळसा आज विकत घेतलेला नसतो.

समुद्रमार्गे येणाऱ्या कोकिंग कोळशात (ज्याचा कोक होतो तो कोळसा) ऑस्ट्रेलियाचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्यातला बहुतेक क्वीन्सलंडच्या खाणींतला. तो तिथून रेल्वेने बंदरावर येतो, जहाजात चढतो, आठवडे समुद्रावर काढतो, उतरल्यावर कारखान्याच्या आवारात साठतो, मिश्रणात जातो आणि कोक ओव्हनमधून कोक होऊन झोतभट्टीत पडतो. त्यातून निघालेले पोलाद पुढे रोलिंग मिलमध्ये आणि गोदामात काही काळ राहते. खरेदीचा भाव ठरल्यापासून तो खर्च नफा-तोट्याच्या तक्त्यात उमटेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. तिमाही असते तीनच महिन्यांची. म्हणून या तिमाहीच्या निकालात जळालेला कोळसा बऱ्याच अंशी मागच्या तिमाहीच्या भावाचा असतो.

याने किती फरक पडतो ते आकड्यांत पाहा. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलादाला ढोबळमानाने १.६ टन लोहखनिज आणि ०.८ टन कोकिंग कोळसा लागतो असे धरू. पुढचे भाव केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. पहिल्या तिमाहीत हॉट रोल्ड कॉइलचा (गुंडाळी करून विकल्या जाणाऱ्या पोलादी पत्र्याचा) भाव टनाला ७०० डॉलर, खनिज ११० आणि कोळसा ३००. त्याआधीही कोळसा ३००च होता. दुसऱ्या तिमाहीत कॉइल ६४०, खनिज १००, कोळसा २००.

आजच्या भावांनी पाहिले तर पहिल्या तिमाहीचा स्प्रेड ७०० वजा १७६ वजा २४०, म्हणजे २८४ डॉलर. दुसऱ्या तिमाहीचा ६४० वजा १६० वजा १६०, म्हणजे ३२०. टनामागे ३६ डॉलरची सुधारणा. सोपे सूत्र वापरणारा चांगल्या निकालाची वाट पाहू लागतो. पण दुसऱ्या तिमाहीत भट्टीत ३०० डॉलरचाच कोळसा जळाला. खरा हिशेब ६४० वजा १६० वजा २४०, म्हणजे २४०. निकाल ४४ डॉलरने खराब येतो. तिसऱ्या तिमाहीत कॉइल आणि खनिज जागेवरच राहिले तरी २०० डॉलरचा कोळसा भट्टीत पोहोचतो आणि स्प्रेड ३२०वर जातो. तेव्हा कंपनीच्या कार्यक्षमतेचे कौतुक छापून येते, आणि कंपनीने वेगळे काहीच केलेले नसते.

हे कागदावरच घडते असे समजू नका. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर मार्चमध्ये ऑस्ट्रेलियन कोकिंग कोळसा टनाला ६०० डॉलरच्या पुढे गेला. ऑगस्टपर्यंत तो त्याच्या निम्म्याहूनही खाली आला होता. पण शिखरावर घेतलेला कोळसा भट्टीत पोहोचेपर्यंत पोलादाचे भावही उतरू लागले होते. महाग कोळसा आणि उतरता भाव यांची अशी गाठ पडली की वर्षाच्या मधल्या निकालांत प्रति टन नफा पार आकसला. ज्यांनी कोळशाची तारीख लावून पाहिली, त्यांना तो फटका निकालाआधीच दिसत होता.

उलट दिशेची चाल जास्त फसवी असते. कोळसा अचानक वाढतो तेव्हा कंपनीकडे जुना स्वस्त साठा असतो आणि पोलादाचा भाव मात्र लगेच चढतो. मार्च २०१७ च्या अखेरीस डेबी चक्रीवादळाने क्वीन्सलंडमधल्या कोळशाच्या रेल्वेमार्गांचे नुकसान केले आणि काही दिवसांतच कोळशाचा भाव जवळपास दुप्पट झाला. अशा धक्क्यानंतरच्या पहिल्या तिमाहीचा नफा हा स्वस्त साठ्याचा नफा असतो. त्याला चारने गुणून वर्षाचा अंदाज बांधणाऱ्यांपासून लांब राहा.

हा हिशेब करताना काही गोष्टी काटेकोर पाळा. कोणतीही कंपनी फक्त सर्वोत्तम प्रतीचा कोळसा वापरत नाही. त्यात हलक्या प्रतीचे मिश्रण असते, काही भाग भुकटी करून थेट भट्टीत फुंकला जातो. त्यामुळे निर्देशांकाच्या, म्हणजे सर्वोत्तम प्रतीच्या कोळशाच्या, भावाला ०.८ने गुणून आलेला आकडा कंपनीच्या खऱ्या खर्चाशी जुळणार नाही. जुळवायचा प्रयत्नही करू नका. एका तिमाहीतून दुसरीत तो किती बदलला एवढेच वापरा. दुसरे, विक्रीच्या भावालाही उशीर असतो. मोटार कंपन्यांबरोबरचे करार तीन किंवा सहा महिन्यांचे, कधी वर्षाचे असतात. ज्या कंपनीची मोठी विक्री अशा करारांवर आहे, तिची सरासरी किंमत बाजार पडल्यावरही काही काळ टिकते आणि बाजार चढल्यावर मागे राहते. तिसरे, स्वतःच्या खाणी. जानेवारी २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यूचे धरण फुटले, शेकडो माणसे दगावली आणि खनिजाचा पुरवठा आटला. खनिज विकत घेणाऱ्या कारखान्यांचा स्प्रेड चेपला गेला, पण ज्यांच्या स्वतःच्या खाणी होत्या त्यांचा खनिजाचा खर्च फारसा हलला नाही. खाणवाल्या कंपनीला बाजारभावाचे सूत्र लावलेत तर सगळे उत्तरच चुकते.

उशीर नेमका किती, हे कॉलच्या लेखी प्रतीत सापडते. 'पुढच्या तिमाहीत कोळशाचा खर्च टनाला इतक्या डॉलरने कमी होईल' असे वाक्य बहुतेक व्यवस्थापने बोलतात. ते शोधा. सबंध कॉलमध्ये माझ्या लेखी सर्वांत मोलाचे वाक्य तेच.

एक गोष्ट राहिली. कंपनी विजेच्या चाप भट्टीत भंगार वितळवून पोलाद करत असेल तर वरचे बरेचसे बाजूला ठेवा. तिथे पोलादाच्या भावातून भंगार आणि वीज वजा करायची. भंगार बहुधा जवळपासचेच असते, त्यामुळे उशीरही कमी असतो. जगातले सुमारे सत्तर टक्के पोलाद झोतभट्टीच्या मार्गाने होते, पण अमेरिकेत प्रमाण उलटे आहे. तिथल्या कंपनीला कोळशाचे सूत्र लावणे व्यर्थ. भंगाराचा जागतिक कल पाहायचा तर तुर्कस्तानचे आयात भाव पाहा. भंगार आयात करण्यात तोच देश सर्वांत पुढे आहे.

साठ्याची ओळ

तक्त्यात 'तयार मालाच्या साठ्यातील बदल' अशी ओळ असते. तिच्यावरून नजर सरकू देऊ नका. उत्पादन जास्त आणि विक्री कमी असेल तर कारखान्याच्या स्थिर खर्चाचा काही भाग न विकलेल्या मालाच्या किमतीत जाऊन बसतो आणि तिमाहीचा खर्च कमी दिसतो. पुढे तो माल विकला जातो तेव्हा तो खर्च बाहेर येतो. शिवाय साठा त्याचा उत्पादनखर्च किंवा विकून मिळू शकणारी रक्कम, यांतल्या कमी आकड्याला दाखवावा लागतो. त्यामुळे भाव कोसळलेल्या तिमाहीत साठ्याचे मूल्य घटवले जाते आणि तोटा आणखी खोल दिसतो. पुढच्या तिमाहीत तोच माल विकला जातो तेव्हा खर्च म्हणून घटवलेलीच किंमत धरली जाते आणि सुधारणा झाल्यासारखी वाटते. दोन तिमाहींची सरासरी काढलीत की खरे चित्र दिसते.

जगाच्या बाजारात काय पाहायचे

सगळे पाहायला गेलात तर बुडाल. चीनपासून सुरुवात करा, कारण जगातले निम्म्याहून अधिक पोलाद तिथे होते. २०२० ते २०२४ या काळात चीनने दरवर्षी १०० कोटी टनांहून अधिक कच्चे पोलाद काढले. जगाचे एकूण उत्पादन १९० कोटी टनांच्या आसपास आहे. पण उत्पादनाच्या आकड्यापेक्षा निर्यातीचा आकडा जास्त बोलतो. चीनमधले गृहबांधणी क्षेत्र २०२१ पासून ढेपाळले, घरची मागणी घटली, पण भट्ट्या तेवढ्या प्रमाणात थांबल्या नाहीत. उरलेला माल बाहेर निघाला. २०१५ मध्ये चीनची पोलाद निर्यात सुमारे ११ कोटी टनांवर गेली होती, आणि २०२४ मध्ये ती पुन्हा त्याच पातळीला आली. दोन्ही वेळा इतर देशांतल्या कारखान्यांचे विक्रीभाव दबले. चीनच्या सीमाशुल्क खात्याचा निर्यातीचा आकडा दर महिन्याला येतो. तिमाहीचे तीन महिने बेरीज करून तुमच्या कागदावर एक ओळ वाढवा.

नंतर आयात शुल्क. अमेरिकेने २०१८ मध्ये आयात पोलादावर २५ टक्के शुल्क लावले आणि जून २०२५ मध्ये ते बहुतेक देशांसाठी ५० टक्क्यांवर नेले. भारतानेही एप्रिल २०२५ मध्ये काही सपाट पोलाद उत्पादनांवर १२ टक्के तात्पुरते संरक्षण शुल्क लावले. अशा भिंती उभ्या राहिल्या की 'जागतिक भाव' असा एकच आकडा उरत नाही. कंपनी जिथे विकते तिथला भाव घ्या. अमेरिकेतला कॉइलचा भाव घेऊन आशियातल्या कंपनीचा अंदाज करणारी टिपणे मी वाचायचीच सोडून दिली आहेत. युरोपला निर्यात करणाऱ्या कंपनीसाठी कार्बन सीमाकराची, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरच्या आकाराची, तरतूदही पाहा. १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीला ती आकारणी लागू झाली आहे, आणि झोतभट्टीचे पोलाद तिच्यात जास्त सापडते.

कर्ज

निव्वळ कर्जाला (कर्ज वजा हातातली रोकड) एका तिमाहीच्या एबिटडाने भागू नका, मागच्या बारा महिन्यांच्या एबिटडाने भागा. तेजीत हे गुणोत्तर नेहमीच देखणे दिसते, म्हणून भाव मध्यम असलेल्या एखाद्या वर्षाच्या एबिटडानेही भागून पाहा. मोठा विस्तार सुरू असेल तर हा दुसरा आकडाच खरा. भाव पडल्यावर साठा आणि येणी आकसतात, त्यातून रोकड मोकळी होते आणि कर्ज थोडे घटते. ती कमाई नव्हे.

आता निव्वळ नफा वाचा. तो का वाढला किंवा घटला हे एव्हाना तुम्हाला आधीच कळलेले असेल.

पुढच्या निकालासाठी

कागद बंद करण्याआधी या तिमाहीतले कोळसा, खनिज आणि कॉइलचे सरासरी भाव लिहून ठेवा; हाच कोळसा पुढच्या निकालात जळणार आहे. त्याखाली व्यवस्थापनाने सांगितलेला कोळशाच्या खर्चातला बदल आणि बंद राहणाऱ्या भट्ट्या लिहा, आणि त्यावरून प्रति टन एबिटडाचा तुमचा अंदाज मांडा. निकाल आल्यावर फरक कुठे पडला ते शोधा: विक्रीभावात, कोळशात, साठ्यात की एकदाच्या रकमेत. फरक सलग कोळशातच पडत असेल तर त्या कंपनीसाठी धरलेला उशीर चुकीचा आहे. तो महिनाभराने मागे-पुढे करा आणि जुन्या तिमाहींवर पुन्हा लावून पाहा.