घराच्या विम्याचा क्लेम नाकारला? आधी पत्रातलं कलम शोधा

क्लेम नाकारल्याचं पत्र हाती आलं की त्यात सगळ्यात आधी कलमाचा क्रमांक शोधा. पॉलिसीच्या कुठल्या अटीखाली पैसे नाकारले, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. पत्रच आलं नसेल आणि एजंटाने नुसतं फोनवर ‘नाही बसत हो तुमचं’ म्हणून सांगितलं असेल, तर भांडायला तुमच्या हातात अजून काहीच नाही. कंपनीला ईमेल करून नकाराचं कारण कलमासह लेखी मागा.

हा आग्रह धरायचं कारण आहे. नकाराच्या पत्रात जे कारण लिहिलेलं नाही, ते कंपनीला नंतर कोर्टात नव्याने काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात २०१९ साली स्पष्ट केलं आहे. म्हणजे ते पत्र कंपनीला बांधून टाकतं. आणि तुमचं कामही सोपं करतं: उत्तर फक्त त्या एका कारणाला द्यायचं. वीस वर्षं हप्ते कसे वेळेवर भरले, पाणी शिरलं त्या रात्री काय हाल झाले, हे सगळं खरं असतं, पण त्याने निर्णय बदलत नाही.

आधी कागद गोळा करा

तीन कागद लागतात. पहिला, पॉलिसीची संपूर्ण प्रत. बहुतेकांकडे फक्त वरची दोन पानं असतात, ज्यावर नाव, पत्ता आणि रक्कम असते. अटी आणि अपवाद त्यामागच्या पुस्तिकेत असतात, ती कंपनीकडून मागवून घ्या. दुसरा, सर्व्हेअरचा, म्हणजे नुकसानीची पाहणी करायला कंपनीने पाठवलेल्या माणसाचा अहवाल. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘अंतर्गत दस्तऐवज आहे’ हे उत्तर मान्य करू नका. तिसरा, विमा घेताना भरलेला प्रस्ताव फॉर्म, कारण ‘माहिती लपवली’ हा आरोप त्यावरूनच होतो.

गृहकर्ज असेल तर इथे एक धक्का बसू शकतो. बँकेने कर्जासोबत ‘विमा’ म्हणून जे गळ्यात मारलं, तो कधी कधी कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. घराचा त्याच्याशी संबंधच नसतो. घराचा असला तरी अनेकदा फक्त बांधकामाचा असतो. फ्रिज, कपाटं, गाद्या त्यात आहेत की नाहीत हे आधी बघा. शिवाय पॉलिसीत बँकेचं नाव असेल तर मंजूर झालेल्या रकमेवर पहिला हक्क बँकेचा असतो.

कारण कोणतं, त्यावर उत्तर ठरतं

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित, म्हणजे सगळ्या कंपन्यांत सारख्याच अटींची पॉलिसी आली. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, अशी संकटं तिच्यात येतात. इमारतीचा विमा असेल तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातलं सर्वसाधारण सामान त्यात आपोआप धरलं जातं. ‘सामानाचा विमा तुम्ही घेतलाच नव्हता’ असं उत्तर आलं असेल तर हा मुद्दा तपासाच.

याच पॉलिसीतली दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. पूर्वी घराची किंमत ५० लाख आणि विमा २५ लाखांचा असला, तर नुकसानीचेही निम्मेच पैसे मिळायचे. भारत गृह रक्षामध्ये ही कपात माफ आहे. अहवालात ‘कमी विमा’ म्हणून रक्कम कापलेली दिसली तर ती चूक आहे, एवढं एक वाक्य तुमच्या पत्रात पुरतं.

आपल्याकडे सर्वांत जास्त वाद होतात ते पाण्यावरून. कोकणातलं किंवा सांगलीकडचं घर असेल तर कंपनी म्हणते, ‘ही जुनी गळती आहे, झीज आहे.’ झीज आणि ओल या गोष्टी विम्यात येत नाहीत, हे खरंच आहे. पुराचं किंवा फुटलेल्या टाकीचं पाणी मात्र येतं. प्रश्न कायद्याचा कमी आणि पुराव्याचा जास्त असतो. भिंतीवरची पुराची रेघ मोजपट्टी लावून फोटोत घ्या, पट्टीवरचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत काढा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला झाले तसे सरकारी पंचनामे तुमच्या भागात झाले असतील, तर तुमच्या घराचं नाव त्यात आहे का बघा. आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एक पानाचा दाखला घ्या, ज्यात नुकसान ‘कशामुळे’ झालं हे स्पष्ट लिहिलेलं असेल. किती झालं ते दुय्यम. हा खर्च खिशातून करावा लागतो, पण माझ्या मते या सगळ्या लढाईत सर्वांत उपयोगी पडणारा खर्च हाच. सर्व्हेअरचा अहवाल हा काही अंतिम शब्द नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच म्हटलं आहे. पण त्याला खोडायला दुसरा तज्ज्ञ कागद लागतो, नुसती नाराजी चालत नाही.

‘उशिरा कळवलं’ हे कारण असेल तर घाबरू नका. गावात आठवडाभर वीज नाही, मोबाइल टॉवर बंद, रस्ता वाहून गेलेला, अशात उशीर होणारच. उशीर टाळण्याजोगा नव्हता आणि क्लेम खरा असेल तर केवळ तेवढ्यासाठी नकार देऊ नका, असं विमा नियामक आयआरडीएआयचं २०११ सालचं परिपत्रक आहे. उशिराचं कारण तारखांसह लिहा.

‘कागदपत्रं अपुरी’ हे कारण तर आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानंतर टिकणारच नाही. कागद नाहीत एवढ्यासाठी क्लेम फेटाळू नये असं त्यात आहे. बिलं पुरात गेली? बँक स्टेटमेंट, ऑनलाइन खरेदीचे जुने ईमेल, फ्रिजच्या मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक, घरातल्या वाढदिवसाच्या फोटोंत मागे दिसणारा टीव्ही, सगळं चालतं.

चोरीचं मात्र वेगळं आहे. भारत गृह रक्षामध्ये चोरी धरली जाते ती वरच्यापैकी एखाद्या संकटामुळे, आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली. सुट्टीवर असताना कुलूप तोडून चोरी झाली तर त्यासाठी घरफोडीचा वेगळा विमा असावा लागतो. तो नसेल तर इथे वेळ घालवू नका.

पहिलं पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला

हा अधिकारी प्रत्येक विमा कंपनीत असतो आणि त्याचा पत्ता पॉलिसीवरच छापलेला असतो. शाखेत किंवा एजंटाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर तक्रार म्हणून पुढे दाखवणं अवघड जातं, म्हणून ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही करा. पत्र एका पानाचं असावं. साधारण असं:

‘आपल्या अमुक तारखेच्या पत्रात झीज या अपवादाखाली माझा क्लेम नाकारला आहे. सोबतच्या पंचनाम्यानुसार त्या दिवशी घरात चार फूट पाणी होतं. इंजिनिअरच्या दाखल्यानुसार प्लास्टर आणि विजेच्या वायरिंगचं नुकसान या पाण्यामुळे झालं आहे. पूर हे पॉलिसीत समाविष्ट संकट आहे. सर्व्हेअरने भिंतीवरील पाण्याच्या खुणेची नोंद घेतलेली नाही. क्लेमचा फेरविचार करून लेखी निर्णय कळवावा.’

बस. खाली जोडपत्रांची यादी. साधारण दोन आठवड्यांत उत्तर यायला हवं.

उत्तर आलं नाही किंवा तेच रडगाणं आलं, तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. १५५२५५ या टोल-फ्री क्रमांकावरही नोंदवता येते. नियामक स्वतः तुमच्या क्लेमचा निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडेच पाठवतो. पण नोंद राहते, आणि अडून बसलेली फाइल कधी कधी तेवढ्याने हलते.

लोकपाल की ग्राहक आयोग?

इथे विचार करून पाऊल टाका. विमा लोकपाल फक्त विम्याच्या तक्रारींचा निवाडा करतात, ग्राहक आयोग हे ग्राहकांच्या सगळ्याच तक्रारींचं कोर्ट. एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते हातात घेत नाहीत.

घरमालकाची स्वतःची पॉलिसी आणि मागणी ५० लाखांपर्यंत असेल तर मी आधी विमा लोकपालांकडेच जाईन. फी नाही. वकील चालत नाही, आणि हे तुमच्या फायद्याचं आहे, कारण समोर कंपनीलाही वकिलांची फौज उभी करता येत नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना उलटला असेल किंवा नकार आला असेल, तरच तिथे जाता येतं, आणि नकारापासून एक वर्षाच्या आत. सर्व कागद पोचल्यावर तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित आहे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तीस दिवसांत तो पाळावा लागतो. तुम्हाला पटला नाही तर पुढे ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा असतो. मुंबई आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालयं आहेत, गोवेकरांसाठी मुंबईचं. तुमचा जिल्हा कुणाकडे येतो ते लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर बघा.

सुनावणीला जाताना फोटो मोबाइलमध्ये ठेवून जाऊ नका. छापून, मागे तारीख लिहून न्या.

मागणी ५० लाखांच्या वर असेल, सोसायटीच्या नावाची पॉलिसी असेल, किंवा मनस्तापाची भरपाईही हवी असेल, तर ग्राहक आयोग बरा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) तुम्ही भरलेल्या रकमेवर, म्हणजे हप्त्यावर ठरते. क्लेम कोटीचा असला तरी हप्ता काही हजारांचा असतो, त्यामुळे प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं आणि हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय चेन्नईला असेना का. ऑनलाइन दाखल करायला आता ‘ई-जागृती’ पोर्टल आहे. कायदा तीन-पाच महिन्यांची भाषा करतो, प्रत्यक्षात वर्षं जातात, ही तयारी ठेवूनच जा.

मुदत दोन वर्षांची. ती कधीपासून मोजायची यावर वाद होतात. एका आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती थेट आग लागल्याच्या दिवसापासून मोजली होती. म्हणून नकाराच्या पत्राची तारीख विसरा आणि नुकसान झाल्याच्या दिवसापासून दोन वर्षं कॅलेंडरवर मांडून ठेवा. लोकपालांकडे प्रकरण चालू असलं तरी या तारखेवर नजर हवी.

‘तीस टक्के द्या, क्लेम पास करून देतो’ म्हणणारे सल्लागार याच काळात फोन करायला लागतात. वर लिहिलंय त्यातलं असं काहीही नाही जे तुम्हाला स्वतःला करता येणार नाही.

दुरुस्तीचं काय करायचं

निकाल लागेपर्यंत पडक्या घरात राहायची गरज नाही. कंपनीला ईमेलने कळवा की अमुक तारखेपासून दुरुस्ती सुरू करतोय, पुन्हा पाहणी करायची असेल तर त्याआधी या. मग प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, आणि गवंड्यापासून वायरमनपर्यंत सगळ्यांकडून सही-शिक्क्याची बिलं घ्या. भिजलेला फ्रिज भंगारवाल्याला देण्याआधीही कंपनीला तसंच कळवा, भंगाराचे किती पैसे आले त्याची पावती ठेवा, कारण तेवढी रक्कम क्लेममधून वजा होते.

मध्येच कंपनीने निम्मी रक्कम देऊ केली आणि ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर सही मागितली, तर सही करण्याआधी ईमेलने कळवा की ही रक्कम हक्क राखून स्वीकारत आहे. अशा सहीमुळे जास्त भरपाई मागण्याचा हक्क जात नाही, असं आयआरडीएआयने २०१५ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. तरी तो ईमेल पाठवाच. पुढे आयोगात पहिला प्रश्न त्याच सहीबद्दल येतो.