तालुक्याच्या कॉलेजात ईसीजी कॉम्प्युटरवर कसा घ्यायचा: सेन्सरपासून हिशोबापर्यंत

झूलॉजी, फिजिऑलॉजी नाही तं फार्मसी शिकवणारे सर-मॅडम लोक अन् शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करून राहिलेले पोट्टे, यांच्यासाठी हे लिहून राहिलो आहे. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या कॉलेजांत पहिला प्रश्न एकच राहते, ईसीजी (हृदयाच्या विजेचा आलेख) कॉम्प्युटरवर घ्यायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? माझं म्हणणं असं आहे का हा प्रश्न शेवटी विचारा. सिग्नल घेतानाच खराब आला तं लाखाचं सॉफ्टवेअरही तो वापस चांगला करून देत नाही, अन् घेताना नीट घेतला तं फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही पक्का हिशोब निघते.

पहिले थोडं मागचं सांगतो, काऊन का आजचं काम त्यावरच उभं आहे. कार्ल लुडविगनं १८४७ मध्ये कायमोग्राफ बनवला, म्हणजे फिरता ड्रम, त्यावर काजळी धरलेला कागद अन् त्या काजळीवर रेघ ओढणारी लेखणी. आपल्या कित्येक प्रयोगशाळांत तो ड्रम अजून कपाटावर ठेवलेला आहे. त्यावरचे बेडकाचे प्रयोग मात्र आता होत नाहीत, यूजीसीनं २०११ मध्ये प्राणी कापणं कमी करायच्या गाइडलाइन दिल्या अन् २०१४ मध्ये झूलॉजी अन् लाइफ सायन्सच्या कोर्समधून ते बंदच करायला सांगितलं. मग बरेच जण स्क्रीनवरच्या सिम्युलेशनवर गेले. पुदुच्चेरीच्या जिपमर मेडिकल कॉलेजचं एक्सफार्म त्यातलं चांगलं आहे, औषधाचा परिणाम समजायला उपयोगी आहे, पण सिम्युलेशनमध्ये डेटा तयार मिळते, पोट्ट्याला तो मिळवावा लागत नाही. सुई न टोचता, माणसाच्याच शरीरातून, स्वतःच्या हातानं सिग्नल घेणं हा अनुभव वेगळाच आहे, अन् तो कमी पैशातही जमते.

सामान

कॉलेजात आधीच पॉवरलॅब अन् लॅबचार्ट, नाही तं बायोपॅक अन् अॅकनॉलेज (शरीराचे सिग्नल घ्यायची तयार मशीन अन् तिचं सॉफ्टवेअर) असेल तं तेच वापरा, दुसरं काही घेऊ नका. लॅबचार्टचं फक्त फाइल पाहायचं रीडर फुकट भेटते, ते पोट्ट्यांच्या लॅपटॉपवर टाकून द्या म्हणजे घरी बसून ट्रेस (रेकॉर्ड झालेली रेघ) पाहता येते. नसेल तं दोन रस्ते आहेत. एक एक्सपआइज, दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरनं शिकवण्यासाठीच बनवलेला डबा, सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. दुसरा आर्डुइनो उनो, म्हणजे कोड टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड, अन् एडी८२३२ चिपचा ईसीजी मॉड्यूल. खाली जे सांगून राहिलो ते दुसऱ्या रस्त्याचं आहे, पण नियम तेच आहेत, महागड्या मशीनलाही तेच लागतात.

मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालते, ५ वर लावू नका. उनो मात्र नेहमीच्या सेटिंगमध्ये ५ व्होल्टचे १०२४ भाग करते, म्हणजे एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, अन् मॉड्यूलचा सिग्नल ३.३ च्या वर जातच नाही, मग वरचा तिसरा हिस्सा वायाच जाते. म्हणून ३.३ ची वायर उनोच्या एरेफ पिनला पण द्या अन् कोडमध्ये रेफरन्स, म्हणजे मोजणीची वरची हद्द, एक्सटर्नल करा, पायरी ३.२ मिलिव्होल्टची होते. पण आधी ते कोड बोर्डात टाका अन् मगच वायर लावा. कोडमध्ये सुद्धा रेफरन्सची ओळ पहिल्या अॅनालॉग रीडच्या आधी पाहिजे, नाही तं आतला रेफरन्स अन् बाहेरचा व्होल्टेज एकमेकांना भिडतात अन् चिप जाऊ शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माणसाच्या अंगाला वायर लागली आहे, म्हणून लॅपटॉप फक्त बॅटरीवर चालवा. चार्जर काढा, प्रिंटरची केबल काढा अन् प्रोजेक्टरची पण काढा, प्रोजेक्टर तं भिंतीतल्या लाइनवरच आहे ना. डेस्कटॉपवर हा प्रयोग करूच नका. वर्गाला दाखवायचं असेल तं आधी रेकॉर्ड करा, माणूस मोकळा करा, मग प्रोजेक्टर जोडा.

लाइन, अर्थिंग अन् ५० हर्ट्झ

बॅटरीवर चालवल्याचा दुसरा फायदा म्हणजे सिग्नल बराच साफ येते. आपल्याकडे भिंतीतली लाइन ५० हर्ट्झची आहे, ती ट्यूबलाइट, पंखा, वायरिंग सगळ्यातून हवेतूनच अंगावर येते अन् ट्रेसवर बारीक दातऱ्यासारखी दिसते. ओळखायचं सोपं आहे, ट्रेस मोठा करा, ०.१ सेकंदात ५ कंगोरे मोजले तं समजा लाइनच आहे. मग ट्यूबलाइट बंद करा, चार्जिंगचे मोबाइल दूर ठेवा, तिन्ही लीड (अंगाला लागणाऱ्या वायरी) एकमेकींना पीळ देऊन घ्या, माणसाला लोखंडी टेबलाजवळ बसवू नका, लाकडी बेंचवर बसवा. स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर चालू असेल तं आणखी त्रास, त्यात ५० सोबत १५० अन् २५० हर्ट्झ पण येतात.

अर्थिंगकडे आपल्याकडे कोणी पाहत नाही. काळी माती पावसाळ्यात चांगली ओली राहते, पण एप्रिल-मे मध्ये भेगा पडतात, माती सळीपासून सुटते अन् अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा अन् वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, हे फक्त ईसीजीसाठी नाही, प्रयोगशाळेतल्या सगळ्या मशीनींसाठी अन् माणसांसाठी आहे. आसपासच्या वावरांतले मोटरपंप एकदम सुरू झाले का व्होल्टेज बसते, त्यामुळे बाकीच्या प्रयोगांना डेस्कटॉप वापरत असाल तं डेटा शेवटी सेव्ह करायचा असं ठेवू नका, दर सेकंदाला फाइलमध्ये लिहिला गेला पाहिजे, लाइन गेली तरी मागचं शाबूत राहते.

इलेक्ट्रोड

चिकटणारे सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे घ्या. पाकीट एकदा फोडलं का जेल सुकायला लागते अन् आपल्या ४४-४५ डिग्रीत तं लवकरच सुकते, म्हणून झिपवाल्या पिशवीत घट्ट बंद करून थंड जागी ठेवा. चामडी साबण-पाण्यानं धुवा, कोरडी करा, कापसानं हलकं घासा. तेल, पावडर, घाम असला तं बेसलाइन वर-खाली हिंडत राहते अन् पोट्टे समजतात का हृदयाचंच काही आहे. लीड टूसाठी (ईसीजी पाहायचा नेहमीचा एक कोन) निगेटिव्ह उजव्या हाताकडे, पॉझिटिव्ह डाव्या पायाकडे, तिसरी उजव्या पायाला. वायरच्या रंगावर जाऊ नका, स्वस्त मॉड्यूलमध्ये रंग बदलतात, बोर्डावर लिहिलेलं पाहा. आर, म्हणजे प्रत्येक ठोक्यातलं उंच टोकदार शिखर, उलटा दिसला तं दोन लीड अदलाबदल झाल्या आहेत.

सेकंदाला किती नमुने

इथंच सगळ्यात जास्त प्रोजेक्ट बिघडतात म्हणून सावकाश वाचा. सॅम्पलिंग रेट म्हणजे एका सेकंदात सिग्नल किती वेळा मोजला ते. नियम असा आहे का सिग्नलमध्ये जी सगळ्यात वेगाची गोष्ट आहे तिच्या दुपटीपेक्षा जास्त पाहिजे, अन् प्रत्यक्षात पाच-दहापट ठेवलेलं बरं. शरीराच्या तापमानाला सेकंदाला एक नमुना खूप झाला, श्वासाच्या पट्ट्याला २५ पुरते, वर्गातल्या ईसीजीला २५०, स्नायूंच्या ईएमजीला १००० किंवा वर. हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (ठोक्या-ठोक्यातलं अंतर किती बदलते ते) करायची असेल तं १९९६ च्या युरोपियन-अमेरिकन टास्क फोर्सनं २५० ते ५०० किंवा त्याहून जास्त सांगितलं आहे.

कमी ठेवला तं काय होते? नुसते बारकावे जात नाहीत, खोटा सिग्नल तयार होते. समजा कोणी ४९ नमुने घेतले अन् लाइनची ५० हर्ट्झ आत शिरली, तं स्क्रीनवर ५० वजा ४९ म्हणजे १ हर्ट्झची छान गोल लाट दिसते, मिनिटाला ६०, अगदी नाडीसारखी, अन् इलेक्ट्रोड माणसाला लावलेलाही नसते! एकदा ही खोटी लाट फाइलमध्ये गेली का कोणताच फिल्टर तिला खऱ्यापासून वेगळी करू शकत नाही.

आता आर्डुइनोची खास गोष्ट. इंटरनेटवरची बरीच कोडं ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट पाठवायच्या वेगावर राहतात. तीन आकडी एक रीडिंग अन् ओळ बदलायची दोन अक्षरं मिळून ५ बाइट, एका बाइटला १० बिट, म्हणजे ५० बिट, अन् ९६०० भागिले ५० म्हणजे सेकंदाला १९२ च रीडिंग बाहेर पडतात. तुम्ही मनात २५० धरून बसले अन् येऊन राहिले १९२, मग ज्याचे ठोके ७२ आहेत त्याचे हिशोबात ९४ येतात अन् सगळे म्हणतात पोरगं घाबरलं असेल. म्हणून बॉड ११५२०० ठेवा. अन् वेळ डिले कमांडनं मोजू नका, डिलेच्या वर बाकीच्या कोडला लागणारा वेळ जमा होत जाते, मायक्रोस या घड्याळाच्या कमांडनं दर ४००० मायक्रोसेकंदाला रीडिंग घ्या. तपासायला मोबाइलचं स्टॉपवॉच लावून एक मिनिट रेकॉर्ड करा अन् फाइलमधल्या ओळी मोजा, १५००० च्या आसपास पाहिजेत. साडेअकरा हजार आल्या तं बॉड अजून जुनाच आहे.

फाइल

आर्डुइनोच्या सिरियल प्लॉटरमध्ये ट्रेस दिसते पण सेव्ह होत नाही. सोपा उपाय म्हणजे कूलटर्म सॉफ्टवेअर, त्यात टेक्स्ट फाइलमध्ये कॅप्चर करायची सोय आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तं तिची पायसिरियल लायब्ररी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग माणसाचा कोड, मग स्थिती, बसून का उभं का पायऱ्या चढून. माणसाचं नाव नाही, कोडच. सॅम्पलिंग रेट, इलेक्ट्रोड कुठं लावले, युनिट काय हे त्याच फोल्डरमध्ये एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, वहीत लिहिलेलं पुढच्या बॅचला सापडत नाही. अन् मूळ फाइल रीड ओन्ली करून टाका, फिल्टर वगैरे सगळं कॉपीवर.

एक्सेलमध्ये उघडायची घाई करू नका. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, हजारच्या रेटनं साडेसतरा मिनिटांत शीट भरते अन् पुढचं कापल्या जाते. जुन्या एक्सएलएस फॉरमॅटची हद्द तं ६५,५३६ च, २०२० मध्ये इंग्लंडमध्ये त्याच फॉरमॅटपायी जवळपास १६ हजार कोरोना केसेस मोजणीतून सुटल्या होत्या. दुसरं म्हणजे एक्सेल स्वतःच्या मनानं तारखा बनवते. सिकलसेलच्या सर्व्हेत कोणी वॉर्ड अन् घर ३-४ असं टाकलं का ती ३ एप्रिल झाली. मार्च१ अन् सेप्ट२ अशा जीनच्या नावांचं पण असंच व्हायचं, शेवटी २०२० मध्ये जीनची नावं ठरवणाऱ्या कमिटीनं ती नावंच बदलून टाकली. कोडच्या कॉलमला आधी टेक्स्ट करा, मग डेटा आणा.

हिशोब

पायथनमध्ये पांडाज, सायपाय अन् न्यूरोकिट२ एवढ्या लायब्ररी पुरतात. कॉलेजात नेट नसेल तं जिल्ह्याच्या ठिकाणी पिप डाउनलोड या कमांडनं सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या अन् इथं येऊन ऑफलाइन टाका, फक्त दोन्हीकडे पायथनचं व्हर्जन अन् विंडोज सारखंच पाहिजे.

पहिले कच्चा ट्रेस डोळ्यानं पूर्ण पाहा, खराब तुकडे कुठून कुठपर्यंत आहेत ते लिहून ठेवा. मग ०.५ ते ४० हर्ट्झचा बँडपास फिल्टर, म्हणजे त्याच्या खालचं-वरचं कापणारा. फिल्टर सायपायच्या फिल्टफिल्टनं मारा, म्हणजे एकदा पुढून अन् एकदा मागून, एकाच बाजूनं मारला तं शिखरं सरकतात. मग सायपायच्याच फाइंड पीक्सनं आर शोधा, दोन शिखरांमधलं कमीत कमी अंतर ०.३ सेकंद म्हणजे २५० च्या रेटला ७५ नमुने ठेवा. ६० भागिले आर-आर (दोन आरमधले सेकंद) म्हणजे मिनिटाचे ठोके. सरासरी काढायच्या आधी आर-आरचा ग्राफ काढाच, एखादा आर सुटला असेल तं तिथं दुप्पट उडी दिसते, आरनंतर येणाऱ्या टी लाटेला आर समजलं असेल तं एकाचे दोन बारके तुकडे दिसतात. अन् रेकॉर्डिंग चालू असतानाच दुसऱ्या पोट्ट्यानं मनगटावर बोट ठेवून ३० सेकंद नाडी मोजलेली पाहिजे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तं बोटावर विश्वास ठेवा अन् कोड तपासा.

वर्गात करायला सगळ्यात चांगला प्रयोग म्हणजे खोल श्वासाचा. ५ सेकंद श्वास आत, ५ सेकंद बाहेर, एक-दोन मिनिटं. श्वास आत घेताना ठोके जलद होतात, सोडताना हळू, अन् आर-आरच्या ग्राफवर स्वच्छ लाटा येतात. तरुण निरोगी पोट्ट्यांमध्ये हे ठसठशीत दिसते अन् व्हेगस नर्व्ह (ठोके हळू करणारी नस) शिकवायला याहून चांगलं काही नाही.

रेकॉर्डिंगच्या आधी प्रत्येकाला सांगून लेखी होकार घ्या, अन् नको म्हटलं तं आग्रह करू नका. हा मॉड्यूल शिकण्यासाठी आहे, रोग ओळखायला नाही, त्याच्या आतल्या फिल्टरमुळे एसटीचा भाग (आरचं शिखर अन् टी लाट यांच्यामधला तुकडा) तसाही बदलते. कोणाचा ताल सारखाच चुकताना दिसला तं वर्गात बोलू नका, इलेक्ट्रोड बदलून एकदा वापस घ्या, तरी तसंच आलं तं बाजूला घेऊन शांतपणे सांगा अन् ग्रामीण रुग्णालयात बारा लीडचा ईसीजी काढून डॉक्टरला दाखवायला सोबत कोणाला तरी पाठवा.