होडीतून फिल्मवर फोटो काढताना मीटर पाण्यावर धरू नका

पाण्याची चकाकी उजेड मोजणाऱ्या मीटरला हमखास चकवते. तिच्यावर मीटर धरलं की जाळं ओढणाऱ्याचा चेहरा काळाठिक्कर येतो, आणि ते कळतं रोल धुऊन आल्यावर! त्यापेक्षा आपला तळहात त्याच उजेडात धरा, त्यावर मीटर घ्या आणि एक स्टॉप जास्त उघडा, म्हणजे दुप्पट उजेड आत येऊ द्या. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं, तळहात त्यापेक्षा उजळ असतो. थोडा उजेड जादा झाला तरी निगेटिव्ह फिल्म निमूट सोसते. स्लाइड फिल्म मात्र नाही.

होडी डुलत असते, म्हणून शटर शक्यतो १/५०० सेकंदापेक्षा हळू नको. भर दिवसा ४०० आयएसओची फिल्म त्याला सहज पुरते.

पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) फेकताना तो हवेत पुरता उघडलेला दिसेपर्यंत थांबलात, तर पाण्यात पडलेलं जाळंच हाती लागेल. हातातून सुटतानाच बटण दाबा. आणि ३६ फोटोंच्या रोलमधले ३२ झाले असतील तर उरलेल्या चारांचा मोह सोडून, जाळं आवरलं जात असताना सावलीत रोल बदलून घ्या.

खारं पाणी उडालं तर लेन्स कोरड्या फडक्याने घासू नका, सुकलेलं मीठ ओरखडे पाडतं. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने टिपा.