लोकांच्या सवयीची सुविधा बंद करताना

सॉफ्टवेअरमधली एखादी सुविधा बंद करण्याचा निर्णय बहुधा वापराचे आकडे पाहून होतो, आणि पहिली चूक तिथेच होते. कारण आकड्यांवरून किती जण वापरतात हे कळते, कशासाठी वापरतात हे कळत नाही. किरकोळ दुकानदारांसाठीच्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरवर मी काम करत असताना आम्ही दिवसअखेरची उधारीची यादी छापण्याची सोय काढून टाकली, कारण ती मोजकेच लोक वापरत होते. दुसऱ्याच दिवशी एका दुकानदारांचा फोन आला : "साहेब, रात्री शटर ओढायच्या आधी तो कागद काढून मी गल्ल्यात ठेवतो. सकाळी मुलगा तोच घेऊन वसुलीला निघतो. आता त्याच्या हातात काय देऊ?" यादी मोबाइलवर दिसत होती, पण तो मोबाइल वडिलांच्या खिशात असे. म्हणून घोषणेचा मसुदा लिहिण्यापूर्वी ती सुविधा रोज वापरणाऱ्या दहा-पंधरा जणांना स्वतः फोन करावा आणि जमल्यास शेजारी बसून त्यांचे काम पाहावे.

घोषणेत खरे कारण लिहावे. जुना कोड सांभाळणारे कोणी उरले नसेल, सुरक्षेचा धोका असेल किंवा खर्च परवडत नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. 'आपला अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून' हे वाक्य, ज्याची आवडती गोष्ट आपण काढून घेत आहोत, त्याला फार लागते. इतर वापरकर्त्यांच्या शंकांना आपणहून उत्तरे देणाऱ्या जुन्या मंडळींना ही बातमी सर्वांच्या आधी कळवावी.

मुदत किती द्यायची, हे लोकांनी त्या सुविधेवर काय उभे केले आहे त्यावरून ठरवावे. संकेतस्थळांवर हलती चित्रे चालवणाऱ्या फ्लॅश या अ‍ॅडोबी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर जगभरचे खेळ आणि शिकवण्याचे साहित्य उभे होते. अ‍ॅडोबीने जुलै २०१७ मध्ये ते बंद करण्याची घोषणा केली आणि २०२० च्या अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षांची, मुदत दिली. याउलट निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एका जागी वाचण्याची सेवा असलेले गूगल रीडर बंद होणार असल्याचे १३ मार्च २०१३ रोजी जाहीर झाले आणि १ जुलैला ते बंद करण्यात आले. वापर घटल्याचे कारण दिले गेले, तरी विरोधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि फीडली या पर्यायी सेवेकडे ४८ तासांत ५ लाखांहून अधिक लोक गेले. तरीही एक गोष्ट गूगलने योग्य केली, असे मला वाटते : वाचकांना आपण वाचत असलेल्या संकेतस्थळांची यादी उतरवून घेता येत होती. माणूस उद्या प्रतिस्पर्ध्याकडे जाणार असला, तरी त्याची माहिती त्याला सहज वापरता येईल अशा स्वरूपात देणे हे आपले कर्तव्यच आहे.

नवा पर्याय दिल्यावरही जुना काही काळ चालू ठेवता आला, तर रोष बराच निवळतो. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या सॉफ्टवेअरने लेखनाचा नवा संपादक (मजकूर लिहिण्याची चौकट, म्हणजे एडिटर) आणला, तेव्हा अनेकांनी कडाडून विरोध केला. परंतु जुना संपादक अधिकृत प्लगिनच्या (वेगळ्या जोडता येणाऱ्या भागाच्या) रूपाने उपलब्ध ठेवला होता आणि २०२१ अखेरपर्यंत तो सांभाळण्याचे आश्वासन दिले होते. पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांनी तो बसवला, आणि पुढे ती मुदत वाढवण्यात आली. अशी वाढ देताना कारण आणि नवी तारीख एकत्र सांगावी, नाहीतर पुढच्या तारखेवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

शेवटच्या दिवशी बटण नुसते गायब करू नये. सुविधा कधी बंद झाली, जुनी माहिती कुठे मिळेल आणि फोन कुठे करावा, हे त्या जागी काही महिने लिहिलेले असावे. आम्ही त्या दुकानदारांसाठी छपाई आठवड्याभरात पुन्हा सुरू केली, यादी मुलाच्या फोनवरही जाईल अशी सोय केली, आणि चार महिन्यांनी त्या दोघांशी बोलूनच छपाई थांबवली.