टाकीत उतरण्यापूर्वी नळीवर खुणा करा

बंद टाकीची हवा तपासताना गॅस डिटेक्टर बहुधा झाकणापाशीच धरला जातो आणि तिथला आकडा बरोबर दिसला की आत उतरण्याच्या परवान्यावर सही होते. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मात्र हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो.

यासाठी पंप असलेल्या डिटेक्टरच्या नळीवर दर मीटरला रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के दिसतो याची खात्री करून, बाहेर उभे राहूनच नळी एकेका खुणेपर्यंत खाली सोडावी आणि प्रत्येक खुणेवर आकडा स्थिरावेपर्यंत, निदान दोन मिनिटे, थांबावे (घाई नेमकी इथेच होते, कारण लांब नळीतून हवा वर यायला वेळ लागतो). तळाशी पाणी असल्यास नळीचे टोक त्याच्या थोडे वर ठेवावे, नाहीतर पंप पाणी ओढतो. प्रत्येक पातळीचा आकडा वेळेसह परवान्यावर लिहावा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांहून कमी किंवा २३.५ टक्क्यांहून जास्त असेल, अथवा इतर वायूचा इशारा वाजला, तर कोणालाही उतरू देऊ नये.

आत कोणी कोसळले, तर श्वसनसंचाशिवाय (श्वासासाठी स्वतंत्र हवा पुरवणारे उपकरण) त्याच्यामागे उडी घेऊ नये. हार्नेसच्या (अंगाला बांधलेल्या पट्ट्यांच्या) दोराने त्याला बाहेरूनच ओढावे.