इसब असलेल्या मुलाला दही: कसं द्यावं, किती आशा धरावी
लेकीच्या कोपराच्या घडीत इसब आहे. जेवताना तिला घरचं ताजं दही देते. कढी चालत नाही, उकळलं की दह्यातले उपयोगी जिवाणू मरतात (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही). २००१ च्या फिनलंडमधल्या अभ्यासात गरोदर आयांना आणि नंतर बाळांना लॅक्टोबॅसिलस जीजी (एक उपयोगी जिवाणू) दिल्यावर दोन वर्षांच्या मुलांत इसबाचं प्रमाण निम्मं दिसलं. पण तो प्रतिबंध. झालेल्या इसबावर, २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा), प्रोबायोटिकने, म्हणजे असे उपयोगी जिवाणू पोटात घेऊन, फारसा फरक पडत नाही. म्हणून प्रोबायोटिकच्या महागड्या पुड्या मी आणत नाही. कोमट पाण्याने झटपट अंघोळ घाला, टिपून पुसा, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर लावा. डॉक्टरांचं मलम दह्याच्या भरवशावर थांबवू नका. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर दहीही नको.